एक खडा दिसता कामा नये

ही गोष्ट मी सांगतो तशीच्या तशी घडली, अशी हमी मी देणार नाही. यातलं काही मी पाहिलेलं आहे, काही ऐकलेलं, आणि कुठलं कोणतं ते आता वेगळं काढता येत नाही. मागे एकदा सांगताना मी त्या माणसाचं नाव भिवा सांगितलं होतं, असं घरचे म्हणतात. असेलही. पण माझ्या डोक्यात तो लहानूच आहे, तेव्हा आपण लहानूच म्हणू.

तर डोंगरातल्या घोटणवाडीत हा लहानू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. कामाला वाघ, मनाने गाय. त्याच्यात दोष एकच. सांगितलेलं तो विसरत नसे. बाकीची माणसं सांगितलेलं विसरतात, म्हणून जगाचं बरं चाललेलं असतं.

घोटणवाडी कळमजाईच्या डोंगरात. सरकारने त्या डोंगराचं निसर्ग उद्यान केलं. म्हणजे डोंगर होता तसाच राहिला, फक्त पायथ्याला पाटी लागली. खालच्या डांबरी सडकेपासून वाडीपर्यंत खडीचा रस्ता होता. चढ, उतार, वळणं, आणि सगळीकडे पायाखाली सरकणारी बारीक खडी. वाडीत कुणी आजारी पडलं की बांबूला घोंगडी बांधायची, त्या डोलीत माणूस घालायचा आणि चौघांनी खांद्यावरून सडकेपर्यंत न्यायचा. वाडीने तीस वर्षं डांबर मागितलं. तीस वर्षं एकच उत्तर आलं. निसर्ग उद्यानात डांबर चालत नाही, निसर्गाला त्रास होतो. त्रास वाडीलाही होत होता, पण वाडी निसर्गात धरायची की नाही, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

मग एके रविवारी शहरातून सायकलवाले आले. त्यांच्या सायकलींना ग्रॅव्हल सायकल म्हणतात. खडीवरूनच चालवायची सायकल. साधी सायकल खडीवरून नेली तर लोक वेडा म्हणतात. ही दोन म्हशींच्या किमतीची असते, म्हणून हिला खेळ म्हणतात. सायकलवाल्यांचे म्होरके होते मुतालिक. पोटापाण्यासाठी ते रस्त्यांचे इंजिनियर होते. आठवडाभर डांबरी रस्ते बांधायचे आणि रविवारी खडी शोधत हिंडायचे. स्वतःचे रस्ते सोडून त्यांना खडीसाठी इतक्या लांब का यावं लागे, ते मला कधी कळलं नाही.

मुतालिकांनी वाडीचा रस्ता पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "असा रस्ता आता राहिला नाही कुठे."

वाडीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

वनखात्याने लगेच तिथे सायकलमार्ग करायचं ठरवलं. करायचं असं काहीच नव्हतं, त्यामुळे काम झटपट झालं. वनपाल होते दाभाडे साहेब. भला माणूस, पण डोंगराला कंटाळलेला. सायकलमार्ग गाजला तर तालुक्याला बदली मिळेल, या आशेवर जगत होता. पाहुण्यांची उठबस करायला त्यांना वाडीतला एक माणूस हवा होता. त्यांनी लहानूला एक शिट्टी दिली आणि एक खाकी शर्ट.

त्या शर्टाने लहानूचं नशीब बदललं. त्याचे मामा खंडूमामा दोन घरं सोडून राहत. मामांना हौसा नावाची मुलगी होती. लहानूच्या मनात हौसा होती, आणि हौसाच्याही मनात कोण होतं ते सगळ्या वाडीला माहीत होतं. मामांच्या मनात मात्र नोकरदार जावई होता. शर्ट पाहून मामा कुंपणाशी आले.

"काय रे, कायमचा हाय का शर्ट?"

"साहेब म्हणले, हंगामभर बघू. नीट काम केलं तर कायम."

"मग असं ठरलं. शर्ट राहिला तर पोरगी. शर्ट गेला तर पोरगी गेली."

मागून हौसा म्हणाली, "आबा, मला त्या माणसाशी नांदायचंय का शर्टाशी?"

"माणूस हायेच. शर्टाचं बघायला हवं," मामा म्हणाले.

झालं. लहानू कामाला लागला.

पहिल्या रविवारी मुतालिक आणि त्यांचे तीन मित्र वाडीत आले, आणि सायकली वडाखाली लावून लहानूच्या आईकडे पिठलं-भाकरी खायला गेले. दाभाडे साहेबांना दुसरीकडे जायचं होतं. जाताना ते म्हणाले, "लहानू, सायकली सांभाळ. जागच्या हलता कामा नयेत."

बैलगाडी चढावर थांबवली की गाडीवान चाकाला दगडाची अटकण लावतो. लहानूने प्रत्येक चाकाला पुढून एक, मागून एक असे दगड लावले. मग गाडीचा नाडा आणून चारी सायकली वडाला आवळून बांधल्या. वर स्वतः बसला.

मुतालिक ढेकर देत आले. "चल बाबा, सोड. उन्हं उतरायच्या आत खाली पोचायचंय."

"सोडता येत न्हाई."

"का?"

"साहेब म्हणले, हलता कामा नयेत."

"अरे, पण सायकल माझी आहे."

"मी कुठं न्हाई म्हणतो? तुमची हाय म्हणून तर सांभाळतोय."

चौघांनी नाडा सोडायचा प्रयत्न केला. पण ती गाठ गवताचा भारा उतारावरून नेताना मारतात ती होती. ती लहानूलाच सुटते. संध्याकाळी दाभाडे साहेब परत आले, तेव्हा चौघे पाहुणे वडाखाली रांगेने बसले होते आणि लहानू त्यांना अधूनमधून पाणी देत होता.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, मालकाने मागितली की द्यायची. निमूट द्यायची. वर आणखी काय हवं-नको ते विचारायचं. समजलं?"

"समजलं साहेब. पुढच्या येळी तसंच."

संध्याकाळी कुंपणापलीकडून मामांनी विचारलं, "शर्ट हाय का?"

"हाय."

"मग पोरगी हाय."

पुढे एकदा मुतालिक एकटेच आले. वाटेत ओढ्याला डोह आहे. त्यांनी कपडे काढून सायकलच्या दांडीवर टाकले, सायकल लहानूपाशी ठेवली आणि पोहायला उतरले. इतक्यात वाटेने एक अनोळखी माणूस आला. सायकलीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "ही सायकल माझी हाय. दे."

लहानूने निमूट दिली. वर विचारलं, "आणखी काय हवं-नको?"

तो माणूस जरा दचकला. मग म्हणाला, "हेल्मेट पण दे."

लहानूने दिलं. पाण्याची बाटली भरून दिली. कपडे दांडीवर होतेच, ते नीट घडी करून दिले. पुढे चढ होता, म्हणून मागून लोटून दिलं.

मुतालिक डोहातून वर आले. "माझी सायकल?"

"मालक घेऊन गेला."

"अरे, मालक मी आहे."

"तुमी मागितलीच न्हाई. त्यानं मागितली."

"आणि माझे कपडे?"

"त्येबी त्याचेच असतील. त्याच्याच सायकलीवर व्हते."

मुतालिक त्या दिवशी पळसाची पानं लावून वाडीत आले, आणि वाडीतल्या बायका आठवडाभर कामं सोडून हसत होत्या. सायकल मिळाली. तिच्या पायडलांना खास बूट लागतात. ते डोहाच्या काठावरच राहिले होते, म्हणून पहिल्याच चढावर बाभळीला टेकवून तो निघून गेला होता. कपडे मात्र त्याला बसले असावेत.

साहेब म्हणाले, "अरे देवा. अरे, ओळखपत्र बघायचं. ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही. मग तो किती का गयावया करेना. अगदी ओळखीचा असला तरी."

"समजलं साहेब. पुढच्या येळी तसंच."

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर मुतालिक पुन्हा कशाला येतात. तर शहरातल्या माणसाचं एक असतं. सोय झाली की तो दुसऱ्या दिवशी विसरतो, गैरसोय झाली की वर्षभर सांगतो. मुतालिकांनी आपल्या मंडळींना पानांची हकिकत सांगितली, आणि पुढच्या रविवारी दुप्पट सायकली आल्या. म्हणून लहानूचा शर्टही राहिला. साहेबांना रागही येत होता आणि आकडेही वाढत होते.

एका उतारावर मुतालिकांची सायकल खडीवरून सरकली. सायकल रस्त्यातच राहिली आणि मुतालिक कड्याच्या अंगाला गेले. खाली घळ होती. त्यांनी कारवीचा एक झुबका दोन्ही हातांनी धरला आणि ते लोंबकळत राहिले. लहानू शिट्टी वाजवत धावत आला.

"हात दे," मुतालिक म्हणाले.

लहानूने हात पुढे केला. मग त्याला आठवलं. त्याने हात मागे घेतला.

"ओळखपत्र?"

"काय?"

"ओळखपत्र दावा."

"अरे, तू मला ओळखतोस. मी तुझ्या घरी जेवलोय."

"मी वळखतो. पर साहेब म्हणले, वळखीवर जायाचं न्हाई. गयावया केली तरी."

"खिशात आहे रे बाबा. हात सोडला तर मी पडेन."

"मग एकच सोडा."

मुतालिकांनी एक हात सोडला. खिशातून ओळखपत्र काढलं आणि वर धरलं. लहानू वाकून बघू लागला. तेवढ्यात कारवी मुळासकट आली.

घळ फार खोल नव्हती आणि खाली घाणेरीचं दाट रान होतं, म्हणून निभावलं. लहानू दुसऱ्या वाटेने खाली उतरला. काट्यांतून आधी ओळखपत्र सोडवलं, सावकाश पाहिलं आणि म्हणाला, "फोटोत मिशी हाय."

हे ऐकून दाभाडे साहेबांनी लहानूला समोर बसवलं. मग लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "लहानू, नीट ऐक. माणूस पडलेला दिसला की आधी उचलायचा. काही विचारायचं नाही. तो काही म्हणाला तरी ऐकायचं नाही, मार लागलेला माणूस वाट्टेल ते बोलतो. सरळ दवाखाना. आणि आता एक जरी चूक झाली ना, तर शर्ट काढून घेईन."

"समजलं साहेब. पुढच्या येळी तसंच."

"शर्ट हाय का?" मामांनी विचारलं.

"हाय."

"आवाज बारीक झालाय तुझा."

"साहेब म्हणले, आता एक जरी चूक झाली तर काढून घेईन."

हौसा आतून म्हणाली, "मग चूक करू नको ना."

"मी कुठं करतो? साहेब सांगत्यात तेवढंच करतो."

"तेच तर," हौसा म्हणाली.

लहानूने मनावर घेतलं. पुढच्या रविवारी तो डोलीचा बांबू आणि चार गडी तयार ठेवूनच वाट बघत बसला. मुतालिक वाडीच्या वर, माथ्यावरच्या सपाट सड्यावर पोचले. चढ चढून दमले होते. कातळावर उताणे पडले, डोळे मिटले आणि लांब श्वास घेऊ लागले. हा त्यांचा नेहमीचा व्यायाम होता.

लहानूने शिट्टी फुंकली. चौघे धावले. मुतालिक डोळे उघडतात तोवर घोंगडीत होते.

"अहो, काय करताय? मला काही झालेलं नाही."

"वाट्टेल ते बोलतोय," लहानू गड्यांना म्हणाला. "मार डोक्याला दिसतोय."

"मी व्यायाम करत होतो."

"बघा."

निघाली डोली. ज्या खडीवरून सायकल उडवताना मुतालिकांना पंख फुटल्यासारखं वाटे, तीच खडी ते आता आडवे पडून अनुभवत होते. प्रत्येक वळणाला एका गड्याचा पाय सरके आणि मुतालिकांच्या पाठीला ते कळे. अर्ध्या वाटेत त्यांनी ओरडणं सोडून दिलं. पुढच्या गड्याला विचारलं, "तुम्ही माणसं नेहमी अशीच नेता?"

"न्हाई," गडी म्हणाला. "पावसाळ्यात दोन गडी जास्त लागत्यात."



दवाखान्यात त्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं शिल्लक होतं. ते दिलं.

दाभाडे साहेबांनी लहानूचा शर्ट जवळजवळ काढलाच होता. दोन बटणं सोडलीही होती. एवढ्यात वरून निरोप आला. सायकलमार्गाचं उद्घाटन करायला मंत्री येणार होते. शहरातून चाळीस सायकलवाले येणार होते. साहेबांनी ती दोन बटणं स्वतःच्या हाताने परत लावली, कारण त्या गर्दीत राबायला दुसरं माणूस नव्हतं.

"हे बघ लहानू. यापुढे माणसांना हात लावायचा नाही. कुठल्याच माणसाला नाही. मी मांडव आणायला तालुक्याला जातोय. तू फक्त रस्त्याचं बघ. मोठे पाहुणे ज्या वाटेने जातील, त्या वाटेवर एक खडा दिसता कामा नये."

साहेबांच्या डोळ्यांपुढे गाडीपासून मांडवापर्यंतची चार पावलं होती. मंत्र्यांना पायाचा त्रास होता.

"मोठे पावणे कोन्त्या वाटेनं जानार साहेब?"

"सायकलच्या वाटेने. दुसरी वाट आहे का इथे? सायकलवर बसून फोटो काढणार आहेत. आणि असं समज, की आपल्या घरी पाहुणा येतोय. हे नीट झालं तर तू कायम."

"समजलं साहेब," लहानू म्हणाला. खरोखरच त्याला सगळं समजलं होतं.

डोंगरातल्या वाड्यांमध्ये दर हिवाळ्यात एक काम असतं. रानात वणवा पसरू नये म्हणून झाडीमधून रुंद पट्टे झाडून काढायचे. त्याला जाळरेषा म्हणतात. सगळी वाडी खराटे घेऊन ओळीने उभी राहते आणि झाडत झाडत पुढे सरकते. मागे पानसुद्धा उरत नाही. घोटणवाडीची माणसं या कामात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली. लहानू खाकी शर्ट घालून घरोघर गेला आणि म्हणाला, "साहेबांचा हुकूम हाय. सडकेपासून वाडीपर्यंत खडा दिसता कामा नये."

खंडूमामा तर सर्वांच्या आधी निघाले. जावई कायम व्हायचा होता.

वाडी ओळीने उभी राहिली आणि झाडत निघाली. खडी रस्त्याच्या कडेला गेली. कडेला तिचे ढीग लागले. खालचा मुरूम उघडा पडला, तो पाणी मारून, धुमसाने बडवून सपाट केला. घरी पाहुणा येतो तेव्हा काय करतात? सडा घालतात, सारवतात, रांगोळी काढतात. बायकांनी वळणावळणाला शेणाने सारवलं आणि रांगोळ्या घातल्या. शेण पुरलं असतं तर सगळाच रस्ता सारवला असता. हौसाने शेवटच्या वळणावर सायकलची रांगोळी काढली. चाकं जरा लांबट झाली, पण ओळखू येत होती.

उद्घाटनाच्या दिवशी चाळीस सायकलवाले जाड टायरांच्या सायकली घेऊन सडकेवर उभे राहिले. समोर खळ्यासारखा गुळगुळीत रस्ता. लोणी सांडलं तर उचलून घ्यावं असा.

"खडी कुठे आहे?" एकाने विचारलं.

दाभाडे साहेब मांडवातून धावत आले. त्यांनी रस्ता पाहिला.

"लहानू. खडी कुठे आहे?"

"कडंला हाय साहेब. वाटंवर एक खडा दिसतो का बघा."

"अरे गाढवा, हे लोक खडीसाठी आलेत. यांना खडीच हवी आहे."

लहानूने चाळीस जणांकडे पाहिलं. "खडी नको, म्हणून वाडी तीस वर्षं रडतीय साहेब. हवी असती कुनाला, तर आमी दिली नसती का?"

तेवढ्यात मंत्र्यांची गाडी दिसली. साहेब दात आवळून हळूच म्हणाले, "हे सगळं शांत झालं, की ही खडी जिथली तिथं टाकायची. एक खडा कमी पडता कामा नये. मग शर्ट मला आणून द्यायचा."

लहानूने शर्टावरून एकदा हात फिरवला. तरी तो म्हणाला, "समजलं साहेब. तसंच."

मंत्री गाडीतून उतरले. त्यांनी रस्ता पाहिला. दाबून सपाट केलेला मुरूम, कडेला ओळीने खडीचे ढीग. आयुष्यात त्यांनी शेकड्याने नारळ फोडले होते. डांबर पडायच्या आदल्या दिवशी रस्ता कसा दिसतो, ते त्यांना पाठ होतं. ते खूश झाले. भाषणात म्हणाले, "मी येण्याआधीच तुम्ही रस्त्याचं काम इथवर आणलंत, याला म्हणतात लोकसहभाग. आता महिन्याच्या आत यावर डांबर पडलं पाहिजे."

सचिव कानाशी लागले. "साहेब, हे निसर्ग उद्यान आहे. इथे डांबर चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"आपणच म्हणाला होतात, मागच्या अधिवेशनात."

"ते मागच्या," मंत्री म्हणाले.

वाडीने टाळ्या वाजवल्या. सायकलवाल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की वाक्य संपलं की टाळ्या, म्हणून त्यांनीही वाजवल्या. खडीच्या सायकलमार्गाचं उद्घाटन असं डांबराच्या घोषणेने झालं. मुतालिक तेवढे टाळी न वाजवता खडीच्या ढिगांकडे बघत उभे होते.

महिन्याभरात डांबराची पिंपं आली, भट्टी आली, रोलर आला. ठेकेदार आला नाही, तो येत नसतो. वाडीतली म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेला बसून डांबराचा वास घेऊ लागली. एका आजीने तर नाक भरून घेतलं आणि म्हणाली, "आता मरायला हरकत न्हाई." दुसरी म्हणाली, "आता कशाला मरतीस? आता तर दवाखान्यात पोचशील."

पहिल्या दिवशी पहिल्या वळणापर्यंत डांबर पडलं. इतकं पातळ पडलं, की वळणावरची रांगोळी खालून दिसत होती.

दुपारी मजूर भाकरी खायला झाडाखाली गेले. रोलरवाला रोलरवरच झोपला. भट्टी थांबली. रानात होला घुमत होता तेवढाच.

सगळं शांत झालं.

लहानू उठला. घमेलं घेतलं, कडेच्या ढिगातून खडी भरली आणि गरम डांबरावर टाकायला लागला. जिथली तिथं.

हौसा पाणी घेऊन आली होती. तिने हंडा खाली ठेवला. "अरे मेल्या, काय करतोस? तीस वर्षांनी डांबर आलंय."

"साहेबांनी सांगितलंय. शांत झालं की टाकायची."

"आणि टाकल्यावर?"

"टाकल्यावर शर्ट द्यायचा."

"म्हणजे हे टाकून झालं की शर्ट गेला. शर्ट गेला की मी गेले. आणि तू घमेली भरतोयस."

लहानू क्षणभर थांबला. त्याने हातातल्या घमेल्याकडे पाहिलं, मग हौसाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. "मग काय करू? सांगितलंय ना," तो म्हणाला आणि घमेलं रिकामं केलं.

हौसा हंडा उचलून निघून गेली.

मजूर भाकरी खाऊन आले. रस्त्यावर एक माणूस खडी टाकत होता. अंगावर खाकी शर्ट होता. खाकीला कोण विचारणार? त्यांना वाटलं, वरून हुकूम आला असेल. त्यांनीही घमेली उचलली. रोलरवाला जागा झाला. समोर खडी पसरलेली. रोलरवाल्यासमोर खडी पसरलेली असली की तो रोलर फिरवतो. त्याने फिरवला. रोज सकाळी थोडं डांबर पुढे सरके आणि रोज दुपारी त्याच्यावर खडी पडे. सडकेपासून वाडीपर्यंत असंच झालं.

शेवटच्या दिवशी दाभाडे साहेब आले. डांबर बघायला आले होते. त्यांना डांबर दिसलं नाही. सगळीकडे खडी. तीस वर्षं होती तशीच. वाडी कडेला उभी होती. रडायला कुणालाच सुचत नव्हतं.

"लहानू, हे काय आहे?"

"खडी साहेब. जिथली तिथं. एक खडा कमी न्हाई."

आणि साहेब काही बोलायच्या आत त्याने शर्ट काढला, नीट घडी केली, वर शिट्टी ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

संध्याकाळी मामा कुंपणाशी आले. उघडा लहानू ओट्यावर बसला होता. मामांनी काही विचारलं नाही. बघितलं आणि परत गेले. हौसासाठी स्थळं बघायला लागले. ती प्रत्येक स्थळाला नाही म्हणायला लागली.

मग पावसाळा आला. त्या वर्षी तालुक्यात नवे झालेले सगळे रस्ते श्रावणाच्या आत वाहून गेले. डांबर पापडासारखं सुटलं आणि ओढ्यांना मिळालं. पावसाळा सरला तेव्हा साहेब लोक पाहणीला निघाले, आणि त्यांना घोटणवाडीचा रस्ता दिसला. त्याचा एक खडासुद्धा हललेला नव्हता. दिसायला खडबडीत, पण अख्खा. त्यावरून दवाखान्याची गाडी वाडीत दोनदा येऊन गेली होती. दाभाडे साहेबांना उत्कृष्ट कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं आणि तालुक्याला बदली मिळाली. काम कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी ते लहानूच्या घरी आले. शर्ट धुऊन, इस्त्री करून आणला होता.

"घे. कायम झालास तू. आणि एक सांगतो, ते मात्र ऐक. यापुढे काही करू नकोस."

"समजलं साहेब," लहानू म्हणाला.

कुंपणापलीकडून आवाज आला, "शर्ट हाय का?"

"हाय."

"मग पोरगी हाय."

"आबा," हौसा म्हणाली, "पोरगी कधी गेलीच नव्हती."

वऱ्हाड जीपमधून आलं. मुतालिक सायकलवरून आले. खडीवरून आल्यासारखंच वाटलं म्हणाले.

रस्ता का टिकला, हे कोडं मला पुढे फार वर्षं छळत राहिलं. कळमजाईची कृपा म्हणणारे होते, दाभाड्यांची कर्तबगारी म्हणणारेही होते. शेवटी मुतालिकांचीच गाठ पडली, तेव्हा विचारून घेतलं, आणि खात्री पटावी म्हणून त्यांच्याच धंद्यातल्या आणखी एकालाही विचारलं. दोघांचं उत्तर एकच आलं. डांबर गरम आहे तोवर त्यावर बारीक खडी पसरायची आणि वरून रोलर फिरवायचा. रस्ता बांधायची रीतच तशी आहे, पहिल्या वर्षाला शिकवतात. खर्च वाचतो म्हणून ठेकेदार तेवढं वगळतात. त्या तालुक्यात त्या वर्षी रीतीप्रमाणे झालेला रस्ता एकच होता.